अडकित्ता, खंड्या आणि अठरा नखं

जुलैतली सकाळ. दवाखान्याचं शटर अर्धं वर जाईपर्यंत पायरीवर एक आजोबा आणि आजी बसलेले दिसले, आणि दोघांच्या मधे त्यांचा काळाकुळकुळीत कुत्रा, खंड्या. त्याच्या उजव्या पुढच्या पायाला जुन्या धोतराची चिंधी करकचून बांधली होती. ती हळदीने पिवळी आणि रक्ताने तांबडी झाली होती. मी काही विचारायच्या आत आजोबा म्हणाले, "डॉक्टरबाई, चूक माझी आहे. अडकित्त्याने नख कापायला गेलो."

आजींनी तेवढ्यात पिशवीतून अडकित्ता काढून टेबलावर ठेवला. पुराव्यादाखल असावा. पितळी मुठीचा, पात्याची धार बरीच गेलेला, सुपारीच्या भुग्याने माखलेला. माणसांचा नेलकटर, शिवणाची कात्री, वायरमनची पकड, इतकंच काय गुलाबाची छाटणीची कात्रीसुद्धा या कामाला वापरलेली मी पाहिली आहे. अडकित्त्याची ही पहिलीच वेळ होती.

खंड्या गावठी, नऊ वर्षांचा, वजन एकवीस किलो, नखं सगळी काळी. जन्मापासून भोर तालुक्यातल्या घरी राहिलेला. अंगण मुरमाचं, मागे दगडी बांध आणि दिवसभर उकरणं, पळणं, घुशीमागे लागणं. तिथे आठ वर्षं त्याच्या नखांना कुणी हात लावला नाही आणि लावायची गरजही पडली नाही. जमीनच कानस होती. गेल्या वर्षी आजोबांच्या गुडघ्यामुळे दोघं मुलाकडे पुण्यात आले, तिसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत टाइल्सच्या घरात. फिरणं सकाळ-संध्याकाळ वीस वीस मिनिटं, तेही सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर आणि बराचसा वेळ खांबाशी उभं राहण्यात. सहा महिन्यांत घरात टकटक आवाज सुरू झाला. खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा "रात्री काय ठोकता?" असं विचारलं, तेव्हा कुठे आजोबांचं लक्ष नखांकडे गेलं.

नख वाढलं की त्यातली जिव्हाळीही पुढे सरकत येते. जिव्हाळी म्हणजे नखाच्या आतला रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत भाग. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात बाहेरून अजिबात दिसत नाही. कुत्रा सपाट जमिनीवर सरळ उभा असताना नख जमिनीला टेकता कामा नये. टेकलं की प्रत्येक पावलाला बोट वर आणि बाजूला ढकललं जातं, पंजा पसरतो, टाइल्सवर पाय घसरतो. म्हातारा कुत्रा उठताना चाचरतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. खंड्याबद्दलही सहा महिने हेच म्हणणं चालू होतं.

अडकित्त्याने काय केलं

आदल्या रात्री साडेआठच्या सुमारास आजोबांनी खंड्याला मांडीशी घेऊन पुढच्या उजव्या पायाच्या मधल्या बोटाचं नख अडकित्त्यात धरलं आणि दाबलं. खंड्या ओरडला, पाय ओढला, नख उभं चिरलं आणि रक्ताची धार लागली.

अडकित्त्याला एकच पातं असतं. त्याच्या समोर असते ती सपाट, बोथट बैठक. सुपारी भरीव आणि ठिसूळ असते, दाबली की तडकते, म्हणून तिथे ही रचना चालते. कुत्र्याचं नख म्हणजे लंबगोल नळी: बाहेर टणक कवच, आत मऊ भाग, त्यात जिव्हाळी आणि अगदी मुळाशी बोटाचं शेवटचं हाड. नळी सपाट बैठकीवर ठेवून वरून दाबली की ती आधी चपटी होते आणि मग कुठेतरी कापली जाते. तो चिमटा जिव्हाळीला बसतो आणि पातं आत पोचायच्या आधीच कुत्रा पाय खेचतो. मग काप कुठे बसेल याला काही धरबंध राहत नाही. माणसांच्या नेलकटरचंही तेच. तो पातळ, सपाट नखासाठी बनलेला असतो. पिल्लाच्या किंवा मांजराच्या बारीक टोकापुरता एखाद वेळी चालून जातो, पण एकवीस किलोच्या कुत्र्याचं नख त्यात घातलं की चिरतं.

चिंधी सोडली तर पंजा सुजलेला होता. ती सूज नखाची नव्हती, आवळलेल्या चिंधीची होती. हळदीबद्दल मी कुणाला रागवत नाही, पण रक्त थांबवतो तो दाब, हळद नव्हे. उलट वाळलेल्या हळदीच्या थराखाली काय चाललंय हे कळत नाही. इथे थराखालून रक्त अजून झिरपत होतं.

इथे मी थांबले. जिव्हाळी कापली गेली की रक्त भरपूर येतं, फरशीभर ठसे उमटतात, बघणाऱ्याला भोवळ येते, पण स्वच्छ फडक्याने नीट दाबून धरलं तर काही मिनिटांत थांबतं. पंधरा-वीस मिनिटांनीही थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. खंड्याला बारा तास होऊन गेले होते.

हिरड्या फिकट होत्या. ताप १०३.८ अंश फॅरेनहाइट (कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५). पोटावरचे केस बाजूला केले तर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. आजींना विचारलं, खाणंपिणं कसं आहे? "आठ दिवस झाले, भाकरीला तोंड लावत नाही. आम्ही म्हटलं पावसामुळे असेल." आणि गोचिडी? मे महिन्यात सगळे गावी गेले होते, परत आल्यावर आजींनी स्वतः सतरा गोचिडी वेचून रॉकेलमध्ये टाकल्या होत्या. आकडा त्यांनी मोजून ठेवला होता.

रक्त तपासलं. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, ४६ हजार. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाखांच्या घरात असतात. प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गोळा झाल्या की मशीन चुकीचा कमी आकडा दाखवतं, म्हणून काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिलं. आकडा खरा होता. किटवर एर्लिकियाची, म्हणजे गोचिडीतून येणाऱ्या जंतूची, चाचणी पॉझिटिव्ह आली. हा गोचीड ताप, यात प्लेटलेट्स घटतात. पुण्यात पावसाळ्याच्या आगेमागे हे निदान माझ्या वहीत आठवड्यातून दोनदा तरी लिहिलं जातं.

आजोबांना सांगितलं, "अडकित्ता निम्माच गुन्हेगार आहे." ते काही बोलले नाहीत, पण पाठ थोडी सरळ झाली. खरं तर त्या चिरलेल्या नखामुळेच आजार लवकर सापडला. नाहीतर खंड्या आणखी पंधरा दिवस 'पावसामुळे' उपाशी राहिला असता.

पहिल्या दिवशी दोनच नखं

तपासताना आणखी एक गोष्ट सापडली. डाव्या पुढच्या पायाचं अंगठ्याचं नख, जे चालताना जमिनीला लागत नाही, ते पूर्ण गोल वळून स्वतःच्याच कातडीत रुतलं होतं. आत पू होता. या नखाची झीज गावातही फारशी होत नसणार, पण उकरण्याने थोडीतरी होत असावी. फ्लॅटमध्ये तीही संपली. पावसाळ्यात असल्या जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे हे थांबवून ठेवण्यासारखं नव्हतं.

मुलाने महिन्यापूर्वी ऑनलाइन एक कटर मागवला होता, तोही आजींच्या पिशवीत होता. हा गिलोटिन प्रकारचा: पुढे एक कडी, कडीत नख घालायचं, मूठ दाबली की पातं सरकत येऊन नख छाटतं. लहान कुत्र्यांच्या सरळ, मध्यम जाडीच्या नखांना हा चांगला असतो, पातं नवं असेल तोवर. मोठ्या कुत्र्याच्या जाड नखाला तो कापण्याआधी दाबतो, आणि पातं बोथट झालं की अडकित्त्याचा भाऊच. पातं बदलता येतं, पण बदलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. खंड्याच्या अंगठ्याच्या बाबतीत तर प्रश्नच मिटला, कारण गोल वळून कातडीत शिरलेलं नख कडीत घालणार कुठून?

अशा नखाला पकडीसारखा कटर लागतो. दोन्ही पाती धारदार, दोन्हींना अर्धगोल खाच, मधे स्प्रिंग. नख दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कापलं जातं, त्यामुळे चपटं होत नाही, आणि कुठल्याही बाजूने आत घालता येतं. थोडं गुंगीचं औषध देऊन नख वळणाच्या मधोमध, जिव्हाळीपासून लांब कापलं. रुतलेलं टोक चिमट्याने ओढून काढलं, जखम सलाइनने धुतली. उजव्या पायाच्या चिरलेल्या नखाची लोंबती कपची त्याच कटरने काढली आणि रक्त थांबवायची पावडर दाबून धरली. या पावडरीत लोहाचा क्षार असतो. घरी ती नसेल तर न्हाव्याकडची तुरटी ओली करून दाबली तरी छोट्या कापाला चालतं, फक्त झोंबते. तीही नसेल तर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा घेऊन दाबून धरायचं.

बाकीच्या सोळा नखांना मी हात लावला नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "गुंगीत आहेच तर सगळीच कापून टाका ना." ४६ हजार प्लेटलेट्सवर? एखाद्या नखात जिव्हाळीला नुसता ओरखडा गेला असता तरी रात्रीचा प्रकार पुन्हा. नखं महिनाभर थांबू शकत होती.

जाताना आजोबांनी हळूच विचारलं, त्यांच्या गुडघ्याची गोळी अर्धी करून खंड्याला दिली तर? माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन काय किंवा पॅरासिटामॉल काय, कुत्र्याला घरच्या घरी कधीच द्यायच्या नाहीत. प्लेटलेट्स कमी असताना तर नाहीच नाही. हे मी जरा आवाज चढवूनच सांगितलं. आजी म्हणाल्या, "काल रात्रीच देणार होते. मी डबी लपवली."

अठ्ठावीस दिवस

गोचीड तापाचं औषध, डॉक्सिसायक्लिन, अठ्ठावीस दिवस चालतं आणि पोटात अन्न असतानाच द्यायचं असतं. तेवढेच दिवस मला दुसऱ्या कामासाठी हवे होते. खंड्याला आता पंजाला हात लावलेला खपत नव्हता. डाव्या पायाकडे नुसतं वाकलं तरी ओठ वर जायचा. हत्यार कितीही चांगलं आणलं तरी अशा कुत्र्यावर ते सुरक्षित राहत नाही, कारण हिसका बसला की उत्तम कटरही चुकीच्या जागी कापतो.

आजींना रोज पाच मिनिटांचं काम दिलं. पहिल्या आठवड्यात हात खांद्यापासून कोपरापर्यंत फिरवायचा, उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, संपलं. पंजाकडे जायचंच नाही. दुसऱ्या आठवड्यात पंजा तळहातावर घ्यायचा आणि त्याने मागे घेतला तर घेऊ द्यायचा. हे शेवटचं बहुतेकांना जमत नाही, लोक धरून ठेवतात. आजींना जमलं. तिसऱ्या आठवड्यात कटर नुसता जमिनीवर ठेवायचा, अंडं त्याच्याशेजारी. चौथ्यात आवाज. कटरने कच्च्या कुरडईचे तुकडे मोडायचे, प्रत्येक 'कट्'ला एक घास. कुरडई ही आजींची कल्पना. मी मॅकरोनी सांगितली होती, त्यांच्याकडे कुरडया उरल्या होत्या.

दहाव्या दिवशी प्लेटलेट्स १ लाख ३० हजार. अठ्ठाविसाव्या दिवशी २ लाख ४० हजार. भाकरी सुरू झाली होती.

हत्यार कुणाच्या हातात

दुकानात किंवा ऑनलाइन विचारताना लोक कुत्र्याची जात आणि वजन सांगतात. कापणाऱ्याचा हात कसा आहे ते कुणी सांगत नाही. इथे तीन हात होते. आजोबांच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू, हाताला किंचित कंप. आजींचा हात स्थिर, पण अंगठ्याचा सांधा दुखरा, त्यामुळे मोठ्या कटरची कडक स्प्रिंग त्यांना दाबवेना. सुनेचा हात आणि नजर दोन्ही चांगली, पण वेळ फक्त रविवारी.

सुनेसाठी पकडीचा मध्यम आकाराचा कटर घेतला, साडेचारशे रुपयांचा. त्याच्या एका बाजूला धातूची छोटी पट्टी असते, 'सुरक्षेसाठी', म्हणजे नख ठरावीक लांबीपेक्षा जास्त आत जाऊ नये म्हणून. मी ती पट्टी फिरवून बाजूला करायला सांगितलं. जिव्हाळी कुठवर आली आहे हे पट्टीला माहीत नसतं, आणि खंड्यासारख्या वाढलेल्या जिव्हाळीच्या कुत्र्यात ती भलताच विश्वास देते. दिवा लावलेला कटरही मिळतो. पांढऱ्या नखाला ठीक आहे, पण काळ्या नखातून उजेड आरपार जात नाही.

काळ्या नखात बाहेरून काही दिसत नसेल तर कापलेल्या तोंडाकडे बघायचं. पाचव्या आठवड्यात सुनेला दवाखान्यात बसवून हेच शिकवलं. एका वेळी तांदळाच्या दाण्याच्या जाडीची चकती, त्याहून जास्त नाही. चकती निघाली की नखाचं तोंड पुढून बघायचं. कोरडं, पांढुरकं, खडूसारखं दिसतंय तोवर पुढे जायला हरकत नाही. मधोमध गडद, ओलसर, चकचकीत ठिपका दिसला की तिथेच थांबायचं. जिव्हाळी एका कापाच्या अंतरावर असते. आणि प्रत्येक कापाची कड बघायची: साफ असेल तर धार आहे, तंतू सुटल्यासारखी चुरगळलेली असेल तर कटर बोथट झालाय. पहिल्या दिवशी चार नखं कापली आणि घरी पाठवलं. खंड्या पाचव्याला तयार होता, पण सून तयार नव्हती. तिच्या कपाळावर घाम होता.

दर रविवारी थोडं थोडं. नख वारंवार जिव्हाळीच्या जवळपर्यंत छाटत राहिलं की जिव्हाळी हळूहळू मागे सरकते. एकदम कापून आखूड करता येत नाही, पण दर आठ-दहा दिवसांनी कापत राहिलं तर येतं. लोकांना हे पटत नाही, त्यांना एका बैठकीत टकटक थांबायला हवी असते.

मग मुलाने ग्राइंडर आणला. चार्जिंगचा, पुढे फिरणारा खरबरीत दंडगोल. नख कापायचं नाही, घासायचं. भीती बसलेल्या कुत्र्यांना आणि जाड नखांना हे यंत्र फार चांगलं, कारण चिमटा बसत नाही आणि कडाही गोल होतात. पण घासलं की उष्णता होते. एका जागी दोन सेकंदांहून जास्त टेकवायचं नाही, उचलायचं, पुढच्या नखावर जायचं, फिरून परत यायचं. मी हे सांगितलं होतं. मुलाने व्हिडिओ पाहून परस्पर सुरुवात केली आणि मागच्या डाव्या पायाच्या एका नखावर 'जरा राहिलंय' म्हणत टेकवून धरलं. रक्त आलं नाही, पण खंड्या ओरडून सोफ्याखाली गेला आणि ग्राइंडरच्या आवाजाला आजही उठून निघून जातो. चार आठवड्यांची कमाई एका नखात गेली. आजींनी पुन्हा खांद्यापासून सुरुवात केली, मुलाशी दोन दिवस अबोला धरून. केसाळ कुत्र्यात तर आणखी एक धोका, पंजाचे केस फिरत्या दंडगोलात गुंततात. तिथे पायात जुना मोजा चढवून नखं त्यातून बाहेर काढायची.

राहिले आजोबा. त्यांना कटर द्यायचा नाही हे सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. कोपऱ्यात बसून ते सगळं बघत असत. मला एक जुनी युक्ती आठवली. घरातला जेवायचा लाकडी पाट घ्यायचा, त्यावर हार्डवेअरच्या दुकानातला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवायचा, आणि कुत्र्याला त्यावर पंजा ओढायला शिकवायचं. पाट तिरका धरला की कुत्रा दाराला नखं घासतो तसा घासतो आणि स्वतःची नखं स्वतःच झिजवतो. माणसाने पंजा धरायचा नाही, कापायचं नाही, रक्त येण्याचा संबंध नाही. नजर कमी असली तरी चालते. मर्यादा एवढीच की मागच्या पायांना हे शिकवणं अवघड आणि अंगठ्याचं नख पाटाला टेकत नाही, ते कटरनेच कापावं लागतं.

पहिल्या दिवशी आजोबांनी पाटाखाली अंड्याचा तुकडा ठेवला आणि खंड्याने तो उकरायचा प्रयत्न केला. प्रत्येक ओरखड्याला शाबासकी, प्रत्येक शाबासकीला तुकडा. चौथ्या दिवशी पाट दिसला की खंड्या स्वतःच येऊन पंजा टाकू लागला. "भोरला अंगणात असंच उकरायचा," आजोबा मला फोनवर सांगत होते. पाच मिनिटांचा तो फोन पाऊण तास चालला. सहाव्या दिवशी पॉलिश पेपर फाटला. मग ते दर सोमवारी नवा कागद चिकटवू लागले, आणि दुकानदाराने विचारलं, आजोबा, फर्निचरचं काम काढलंय का?

तीन महिन्यांनी

ऑक्टोबरात खंड्या लसीसाठी आला. दवाखान्याच्या फरशीवर पुढच्या पायांचा आवाज जवळजवळ बंद झाला होता, मागच्यांचा होता. मागची नखं रविवारी सून कापते, ग्राइंडरला कुणी हात लावत नाही. अंगठ्याची दोन्ही नखं दर तीन आठवड्यांनी तपासायची हे कॅलेंडरवर आजींच्या अक्षरात लिहिलं आहे, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर. गोचीड प्रतिबंधक गोळीची तारीखही तिथेच.

चिरलेलं नख वाढून आलं आहे, पण त्यावर उभी रेघ आहे आणि ते इतरांपेक्षा थोडं वाकडं वाढतं. मुळालाच इजा झाली असेल तर ते असंच राहील. त्याला एक चकती कमी कापायची, असं सुनेला सांगितलं.

वजन करताना आजोबांनी खिशातून काहीतरी काढलं, तर मी दचकले. अडकित्ता. धार लावून आणला होता. "सुपारीसाठी," ते म्हणाले आणि तो आजींच्या हातात दिला.